टिटवीला आलेली नोटीस

३ मार्च, सोमवार

आज दुपारी टिटवीने स्वतःच्याच नावाची नोटीस वाचून दाखवली.

मी दुरुस्तीला आलेलं एक यंत्र उघडून बसले होते. कॅमेऱ्याची काच बदलून झाली होती आणि तपासायला कुठलाही छापील कागद हवा होता. तेवढ्यात वन्सं रजिस्टर्ड पत्र घेऊन आल्या. मी पाकीट फोडलं, कागद न वाचताच यंत्रासमोर धरला आणि म्हटलं, "टिटवी, वाच." ती वाचायला लागली. आपणांस कळविण्यात येते की.

टिटवीचा आवाज वन्संचाच आहे. पाच वर्षांपूर्वी घरच्या कपाटात गोधड्या टांगून, सहा महिने रोज दोन तास त्यांनी यंत्रासाठी शब्द वाचून रेकॉर्ड केले होते. त्यामुळे आज वन्सं माझ्यासमोर तोंड मिटून उभ्या होत्या आणि त्यांच्याच आवाजात कुणीतरी सांगत होतं, की 'टिटवी' हे नाव आमच्या कंपनीच्या अंगठीचं आहे, जी संकटात बोटावर दाबली की किंचाळते. ते रीतसर नोंदवलेलं आहे. आणि आपण तीस दिवसांत ते आपल्या यंत्रावरून, खोक्यावरून, पत्रकांवरून काढून टाकावं. अन्यथा. 'अन्यथा'च्या पुढचं सगळं तिने जराही न अडखळता वाचलं. शेवटी सही करणाऱ्या बाईंचं नाव, हुद्दा, फोन नंबर.

"उच्चार मात्र स्वच्छ आहेत हो माझे," वन्सं म्हणाल्या आणि पाणी प्यायला आत गेल्या.

काका मागून येऊन उभे होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, आणि टिटवीचं डोकं, म्हणजे आतला सगळा प्रोग्रॅम, त्यांचा आहे. त्यांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं. म्हणाले, "काच छान बसलीय."

हे नाव वन्संनीच पाडलं होतं. पहिलं यंत्र एकदा सुरू झालं की थांबायचंच नाही. "काय टिटवीसारखं किंचाळतंय मेलं," त्या म्हणाल्या, आणि काका म्हणाले, नाव चांगलं आहे, असले ठसठशीत आवाज यंत्राला लगेच कळतात. बारसं एवढंच.

दोन खोल्यांचं आमचं वर्कशॉप आहे. खाली इस्त्रीवाला आहे, त्याची वाफ दुपारभर खिडकीतून येते. आज तिचाही राग आला.

५ मार्च, बुधवार

वकीलबाईंकडे जाऊन आले.

"नाव नोंदवलंय?" त्यांनी विचारलं.

"अर्ज भरलाय."

"भरलाय की दिलाय?"

भरलाय. चार वर्षं तो माझ्या खणात आहे, कारण 'वापराचे स्वरूप' या रकान्यात काय लिहावं यावर काकांचं आणि माझं एकमत झालं नाही. वकीलबाईंनी चष्मा काढला आणि वही घरी राहिली म्हणणाऱ्या मुलीकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

त्यांचं म्हणणं असं. आम्ही हे नाव कंपनीच्या आधीपासून वापरतोय, हे दाखवता आलं तर उभं राहता येईल. पण नुसती बिलं दाखवून भागणार नाही. घरोघरचे लोक या यंत्राला टिटवी म्हणूनच ओळखतात, असं त्यांनी स्वतः लिहून द्यायला हवं. मी विचारलं, निकालाला किती दिवस? "मुलगी कितवीत आहे तुमची?" कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. "नोकरीला लागेल तोवर."

नाहीतर नाव बदलायचं.

मी त्यांना समजावलं की प्रश्न खोक्यावरच्या चिकटपट्टीचा नाही. सहाशे चाळीस घरांत हे यंत्र आहे. बहुतेक माणसं सत्तरीच्या पुढची, नजर अधू किंवा गेलेली. औषधाची बाटली, वीजबिल, पेपर, काहीही समोर धरायचं आणि टिटवी म्हणून हाक मारायची, की ते जागं होतं. नाव बदललं तर त्या सगळ्यांना या वयात नवा शब्द शिकवायचा. "मला स्वतःला नावाचं काही नाही," मी म्हटलं. "प्रश्न त्यांचा आहे."

वकीलबाई "हं" म्हणाल्या. त्या 'हं'चा मला घरी येईपर्यंत राग आला होता.

८ मार्च, शनिवार

लेकीने फिल्म केली. दोन मिनिटांची. टेबल, यंत्र, समोर कागद, आणि टिटवी स्वतःची नोटीस वाचतेय. शेवटी लेकीने एवढंच लिहिलंय, 'माझ्या आईचं यंत्र आता कुठल्या नावाने उठेल?'

मी विचारलं, "कुणाची नावंबिवं झाकलीस ना?"

"आई, मला अक्कल आहे. सहीची जागा पुसट केलीय, हे बघ."

बघितलं. खरंच काही वाचता येत नव्हतं. नवरा शेजारी परीक्षेचे पेपर तपासत होता म्हणून आवाज बंद ठेवूनच बघितलं, दोनदा. चांगली केलीय पोरीने. म्हटलं, टाक.

११ मार्च, मंगळवार

चार लाख लोकांनी बघितलं. चार लाख म्हणजे किती हे मला कळत नाही. मी सहाशे चाळीसच्या पुढे कधी मोजलेलंच नाही.

लोक काय काय लिहितात. 'उद्या चिमणीवर हक्क सांगा, आणि कावळ्याचा अर्ज कुणी केलाय का तेही विचारून घ्या.' 'समस्त टिटव्यांच्या वतीने मी कंपनीला नोटीस धाडतोय, अंडी उबवून झाली की.' एका मुलीने टिटवीचं चित्र काढलंय, पिवळ्या पायांचं, पंजात वकिलाचा काळा कोट. कुणी अंगठी परत केली म्हणून फोटो टाकलाय. कंपनीच्या अंगठीला लोक एकेक तारा देताहेत. काल चार पूर्णांक काहीतरी होते, आज दीड.

मला आज दोन यंत्रं दुरुस्त करायची होती, एकही झालं नाही. सारखा फोन हातात. कबूल करते, मला छान वाटतंय. पाच वर्षं आम्ही तिघं त्या वाफेत बसून काम करतोय आणि कुणाला पत्ता नाही. आज इस्त्रीवाल्याने खालून हाक मारली, "टिटवीवाल्या ताई, पेपरात नाव आलं तर एक अंक आम्हाला."

नवरा म्हणाला, "यांतल्या किती जणांच्या घरी आपलं यंत्र आहे?"

"तो मुद्दा नाहीये," मी म्हटलं.

"नाही, सहज विचारलं." आणि त्याने भाजी चिरायला घेतली. हा माणूस भूगोल शिकवतो, पण प्रश्न विचारतो इन्स्पेक्टरसारखे.

१५ मार्च, शनिवार

फोन खणखणतोय. पाठिंब्याचे, मुलाखतीचे, ऑर्डरीचे. आम्ही आठवड्याला तीन यंत्रं करतो. काकांनी हिशोब सांगितला की आलेल्या ऑर्डरी पुरवायच्या तर ते ब्याऐंशी वर्षांचे होतील.

वन्सं दमल्यात. एका आजींनी तीन दिवस फोन लावला, लागला नाही. यंत्र अडकलं होतं, औषधाच्या दोन सारख्या बाटल्यांतली कुठली कुठली ते कळेना म्हणून त्यांनी दोन्ही घेणंच बंद केलं. शेवटी शेजारणीने निरोप दिला. वन्सं स्वतः जाऊन आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "जरा हे आवर गं." मी म्हटलं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे.

फिल्म आता नऊ लाखांवर.

१८ मार्च, मंगळवार

कसं लिहू कळत नाही, पण लिहिते.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. वन्संनी उचलला, नेहमीसारखं "बोला, टिटवी" म्हणाल्या. पलीकडे कुणी बोलेना. मग एका बाईचा आवाज आला, वन्संनी स्पीकर लावला होता म्हणून आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"तुम्हीच ना? माझा नंबर वाचून दाखवणाऱ्या तुम्हीच ना?"

नोटिशीवर सही करणाऱ्या बाई होत्या त्या.

कागदावरचं नाव लेकीने पुसट केलं होतं. पण टिटवीने ते वाचलं होतं. नाव, हुद्दा, नंबराचा एकेक आकडा, स्वच्छ उच्चारांत, नऊ लाख लोकांना. आम्ही घरात तिघा-चौघांनी ती फिल्म बघितली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी यंत्र करणारी आम्ही माणसं. आम्ही फक्त बघितलं. ऐकलं नाही.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, दहा दिवसांत किती फोन आले ते मोजायचं सोडून दिलंय. फोन बंद ठेवता येत नाही, आई हॉस्पिटलमध्ये आहे. मुलीने उचलला एकदा, आता ती शाळेत जात नाही. "महिन्याला तीस-चाळीस अशी पत्रं माझ्या सहीने जातात. खोटं कशाला बोलू, तुमचं कुठलं हे मला आधी आठवलंसुद्धा नाही. मी काही मागत नाहीये. तेवढं बंद करा."

मी माफी मागितली. दोनदा, तीनदा. माफी मागतानाचा माझा आवाज मलाच खोटा वाटत होता.

फोन ठेवल्यावर वन्सं स्टुलावर बसून राहिल्या. त्यांना मी वन्सं म्हणते ते सुरुवातीला थट्टेने सुरू झालं होतं, आमच्या पिढीत कोण म्हणतं आता. पण त्या खरोखरीच घरातल्या थोरल्या आहेत, आणि आज पहिल्यांदा त्यांचं वय दिसलं. "माझ्या आवाजात," त्या म्हणाल्या. "तिच्या घरात माझा आवाज म्हणजे..."

१९ मार्च, बुधवार

लेक रात्रभर रडली असणार, डोळे सांगतातच. आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. वन्सं तिच्या केसांतून हात फिरवत म्हणत होत्या, "तुझी एकटीची चूक नाही, घरात चार जोड्या कान होते." फिल्म काढून टाकली. पण लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती फिरतच आहेत. म्हणून मी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं की कृपा करून कुणाला फोन करू नका, सही करणाऱ्या बाई नोकरी करताहेत, चूक आमची आहे.

तासाभरात वारं फिरलं. 'मॅनेज झाल्या.' 'पाकीट पोचलं वाटतं.' 'आम्ही यांच्यासाठी अंगठी परत केली आणि या बघा.' कुणीतरी शोधून काढलं की चाळीस वर्षांपूर्वी टिटवी नावाची एक पत्र्याची शिट्टी मिळायची, म्हणजे चोर आम्हीच. पंजात काळा कोट धरलेलं चित्र काढणाऱ्या मुलीने चित्र काढून टाकलं. त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

२२ मार्च, शनिवार

फोन थंडावला. कालपासून लोक कुठल्याशा स्कूटरच्या नावावरून भांडताहेत. मी थोडा वेळ वाचत बसले, आणि बघता बघता मलाही त्यावर मत झालं. मग बंद केलं.

त्या नऊ लाखांतली एक बाई मात्र आज जिना चढून आली. बँकेतून निवृत्त झालेली, हातात डबा. म्हणाली, "तुमचा फोन लागत नाही असं कळलं. मला फोनवर बोलायची सवय आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ का?" वन्संनी तिला आधी नीट न्याहाळलं, मग दुसरं स्टूल दिलं.

दहा-अकरा दिवस उरलेत. सोमवारपासून लोकांच्या सह्या जमवायला निघायचं. वकीलबाईंनी मजकूर दिलाय, 'आम्ही या यंत्रास टिटवी या नावाने ओळखतो.'

२४ मार्च, सोमवार

वन्सं आणि मी मिळून आज अकरा घरं केली.

पहिलं घर निवृत्त बसड्रायव्हरचं. मी कागद पुढे केला, आधी त्यांना वाचून घेऊ दे म्हणून यंत्र जवळ सरकवलं. त्यांनी यंत्राच्या बाजूचं लाल बटण दाबलं आणि म्हणाले, "कंडक्टर, बघ काय म्हणतायत." ते बटण आम्ही हाकेने यंत्र उठलं नाहीच तर, अडीअडचणीला म्हणून बसवलं होतं.

"तुम्ही टिटवी नाही म्हणत?"

"टिटवी कशाला? तिकिटं वाचते, पाट्या वाचते. कंडक्टरच की."

दुसऱ्या घरात दोघी बहिणी. थोरली यंत्राला पोरी म्हणते, धाकटी भवानी म्हणते. दोघीही बटण दाबतात. तिसऱ्या घरी गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या. त्या हाक मारतच नाहीत. "आवाज बरा आहे हो, पण ळ जरा चपटा लागतो. कुणाचा आहे?" वन्सं खिडकीबाहेर बघायला लागल्या. एका आजोबांनी सगळं ऐकून घेऊन विचारलं, "टिटवी म्हणजे कोण?"

अकरा घरांत तीन सह्या. त्यातली एक मला चहा देऊन रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून केलेली.

पण शेवटचं घर मात्र घड्याळजींचं होतं. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली. आता नजर गेली आणि हातही थरथरतात. बटण त्यांना सापडतं पण दाबलं जात नाही, बोट घसरतं. त्यांनी श्वास घेऊन मोठ्याने हाक मारली, "टिटवी." एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती उठली. "दिवसातून वीस वेळा म्हणतो," ते म्हणाले. सही करायला त्यांना पाच मिनिटं लागली.

या माणसासाठी लढायचं, असं मी जिना उतरताना वन्संना म्हटलं. त्या कठडा धरून पायऱ्या उतरत राहिल्या.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी विचारलंच. "वन्सं, तुम्हाला माहीत होतं?"

"फोन कोण घेतं गं इथे? पाच वर्षं ऐकतेय. 'आमची पोर बोलत नाही.' 'महाराणी रुसल्यात.' एक आहेत ते नुसतं 'ती' म्हणतात, आणि आवाज एवढा खाली आणतात की मलाच लाजल्यासारखं होतं. टिटवी म्हणणारे हाताच्या बोटांवर."

"मग मला सांगितलं नाहीत ते?"

"तू येऊन विचारतेस, बिघाड काय. हाक काय मारतात हे कधी विचारलंस?"

मी चिडले. ही काय बोलायची वेळ आहे, असं काहीबाही बोलले. मग तक्रारींची वही काढली, त्यांना खोटं पाडायला. 'हाक मारल्यावर उठत नाही' अशा एकशे बारा तक्रारी आहेत. आणि प्रत्येकीपुढे, माझ्याच अक्षरात, 'ग्राहक चुकीचा शब्द वापरतात. समजावून सांगितले.'

एकशे बारा वेळा.

काकांनी वही माझ्याकडून घेऊन मिटली. "दुसऱ्या वर्षी तुम्हाला म्हटलं होतं. मालक म्हणेल ते नाव तिला शिकू दे. तीनदा हाक मारायची, तिने लक्षात ठेवायचं. तुम्ही म्हणालात, मग ती टिटवी कशी राहील."

मला आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, ओळखते मी.

"आता करता येईल?"

"आत जागा कमी आहे. काहीतरी बाहेर काढावं लागेल." मग बोटांवर मोजून, "पंधरा दिवस. मधे कुणी नवीन फिल्म काढली नाही तर."

दुपारी एकटीच मागच्या खोलीत जाऊन बसले. गोधड्यांचं ते कपाट आता वर्कशॉपमध्येच आहे. त्याचं दार उघडून उभी राहिले बराच वेळ. शब्द वन्संच्या तोंडचा असला, तरी माझ्या हातून आयुष्यात एकच गोष्ट अशी झाली की जिच्यावर मी नाव घालू शकले. लेकीचं नावसुद्धा सासूबाईंनी ठेवलं होतं. पण ते काही कारण नव्हे. मला नावाचं काही नाही.

२९ मार्च, शनिवार

कंपनीच्या बाईंना मीच फोन केला. वकीलबाई म्हणाल्या होत्या की मी बोलते, पण मला बोलायचं होतं. सांगितलं, की नाव काढतो, खोक्यावरून, पत्रकांवरून, सगळीकडून. पण घरोघरी आतला प्रोग्रॅम बदलायला वेळ लागेल, आणि त्यानंतर कुणी आपल्या यंत्राला घरात टिटवी म्हणायचंच ठरवलं, तर?

"घरात कोण कुणाला काय हाक मारतं, त्यावर आमचा दावा कसा असेल?" त्या म्हणाल्या. "खोक्यावर काय छापता एवढंच आमचं." मुदत तीन महिन्यांनी वाढवून देण्याचं पत्र सोमवारी निघेल असंही म्हणाल्या. मी विचारलं, मुलगी? शाळेत जायला लागली. फोन? "आता स्कूटरवाल्यांना येत असतील."

मग म्हणाल्या, "त्या बाई कशा आहेत? आवाजवाल्या."

मी फोन वन्संकडे दिला. त्या बाहेर गॅलरीत गेल्या आणि वीस मिनिटं बोलत होत्या. मधे एकदा हसण्याचा आवाज आला, कुणाचा ते कळलं नाही. आत आल्यावर मी विचारलं, काय बोललात?

"तुला काय करायचंय," वन्सं म्हणाल्या. आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच कपाटाकडे जाऊन गोधडी सारखी केली. "काका, नवीन वाक्य आहे म्हणालात ना? आणा कागद. ळ नाही ना त्यात?"

३१ मार्च, सोमवार

वकीलबाईंनी छापायला नाव काहीतरी हवंच म्हणून सांगितलंय. लेकीला धरून चौघांनी तासभर डोकं खाजवलं. शेवटी काकांनी 'वाचनयंत्र' सुचवलं.

वकीलबाई फोनवर हसल्या. "उत्तम. हे तुमच्याकडून कुणी मागून घेणार नाही."

१२ एप्रिल, शनिवार

नवा प्रोग्रॅम घातलेलं पहिलं यंत्र घड्याळजींकडे घेऊन गेलो. मी, वन्सं आणि काका. काका सहसा घरांना येत नाहीत, आज इस्त्रीचा शर्ट घालून आले.

टेबलावर यंत्र ठेवलं, सुरू केलं. वन्संच्या आवाजात ते म्हणालं, "मला काय म्हणाल?" कपाटात हे एक वाक्य वन्संनी एकवीस वेळा रेकॉर्ड केलं होतं.

मी समजावलं, "तुम्ही टिटवीच ठेवू शकता. तुमच्यासाठीच ती सोय आहे. सवयीचं नाव बदलायला नको."

घड्याळजी हसले. "बाई, रागावणार नसाल तर सांगतो. मला ते कधीच आवडलं नाही."

"पण तुम्ही दिवसातून वीस वेळा..."

"दुसरं काही ऐकायचीच कुठे ती? ओरडावं लागायचं. मी जन्मभर बारीक काम केलेला माणूस, श्वास रोखून. मला ओरडता येत नाही." मग म्हणाले, "सही केली ती खरी आहे. पण तुमचा आवाज त्या दिवशी फार थकलेला होता, म्हणूनही केली."

वन्संनी माझ्या पाठीवर हात ठेवला असावा. कुणाचा तरी होता.

त्यांनी बराच विचार केला. काकांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग घड्याळजी यंत्राकडे वाकून अगदी हळू म्हणाले, "ऐक ना."

काकांच्या कपाळावर आठी आली. पुटपुटले, एवढे मऊ आवाज, पकडणार नाही. तीनदा म्हणवून घेतलं. मग हाक मारून बघितली. काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. काकांनी यंत्र ओढून घेतलं, वायर जोडली, लॅपटॉपवर काहीतरी खालीवर केलं. दहा मिनिटं खोलीत फक्त भिंतीवरच्या घड्याळांचा आवाज. पुन्हा टेबलावर ठेवलं.

"ऐक ना."

"ऐकतेय," ती म्हणाली. काका दुसरीकडे बघून चष्मा पुसायला लागले.

घड्याळजींनी खणातून फडक्यात गुंडाळलेलं एक खिशातलं घड्याळ काढलं. तीन आठवड्यांपूर्वी एक मुलगी आणून देऊन गेलीय, आजोबांचं आहे म्हणाली, तुमच्याकडेच दुरुस्त व्हायचं. तिला खात्री नव्हती, त्यांनाही नव्हती. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस मागच्या झाकणाच्या आतून तारीख आणि आपली खूण कोरून ठेवतो, ते त्यांनी आम्हाला सांगितलं. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. झाकण त्यांनी उघडलं होतं, पण वाचणार कसं? दोन्ही हात घड्याळ धरायलाच लागतात. बटणाला तिसरा हात कुठला? आणि टिटवी म्हणून ओरडलं की हात हलतो, अक्षरं फिसकटतात.

त्यांनी दोन्ही कोपरं टेबलावर रोवली. झाकण दोन्ही हातांच्या चिमटीत धरलं, यंत्राच्या काचेसमोर. हात थरथरत होते, पण हळूहळू थरथर कमी झाली, जशी पूर्वी काम करताना होत असेल. श्वास रोखला. आणि ओठ जेमतेम हलवून म्हणाले, "ऐक ना. वाच."

ती वाचू लागली, एकेक आकडा सुटा. "सतरा. अकरा. त्र्याहत्तर." मग थांबली. "पुढचं नीट दिसत नाही."

"राहू दे," घड्याळजी म्हणाले. झाकण त्यांनी खाली ठेवलं नव्हतं. "पुढचं मला माहीत आहे."